मास्तरांनी रीडर निवडला

माणसाला दोन गोष्टी कधी सांगू नयेत. एक, ‘तुमच्या पसंतीनं घ्या’. दुसरी, ‘घाई नाही, शुक्रवारपर्यंत चालेल’. मास्तरांना मोठ्या दवाखान्यानं एकाच पत्रात दोन्ही सांगितल्या. तो सोमवार होता. तिथपासून शुक्रवारपर्यंत मास्तरांचं बूड म्हणून खुर्चीला निवांत टेकलं नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत हां. शाळेनं त्यांना आणि त्यांनी शाळेला लवकरच रामराम ठोकला होता. पण टाइपिंगचा हात असा की किबोर्डवर गारा पडल्यासारख्या वाटाव्यात, म्हणून सगळी बिल्डिंग मास्तर म्हणायची. बावीस वर्षं घरात बसून दवाखान्याचे रिपोर्ट टाइप करायचे. डॉक्टर लोक पेशंटला तपासणार, तोंडानं भराभरा बडबडणार, त्या बडबडीची फाइल मास्तरांच्या कॉम्प्युटरवर येणार, आणि मास्तर कानाला हेडफोन लावून तिचं शहाण्या माणसाला वाचता येईल असं काहीतरी करणार. कुणाचं काळीज थकलंय, कुणाचं मूत्रपिंड रुसलंय, अर्ध्या गावाचं आतलं मास्तरांना ठाऊक. पण बावीस वर्षांत एक शब्द बाहेर गेला नाही. बायकोनं विचारलं तरी म्हणायचे, “मी ऐकतो कानानं, टाइप करतो बोटानं. तोंडाचा संबंधच येत नाही.” या एका गोष्टीचा त्यांना भारी अभिमान.

तर त्या पत्रात लिहिलं होतं की यापुढं सगळ्या फाइली कुलूपबंद येतील. कुलूप दवाखाना लावेल, उघडायची किल्ली फक्त मास्तरांकडे. किल्ली म्हणजे लोखंडाची नव्हे, सोबतच्या कार्डावर जी सोनेरी चिप आहे तिच्या पोटात आहे. तिची दुसरी प्रत जगात कुठंही नाही. कार्ड जिवापाड जपावं. कार्ड वाचणारा रीडर आपण आपल्या पसंतीनं घ्यावा. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत फाइली उघडल्या नाहीत तर काम दुसऱ्या सोयीकडे वर्ग करण्यात येईल.

‘दुसरी सोय’ हे मास्तरांना लागलं. बावीस वर्षं काम केलं, आणि आपण कोण? तर पहिली सोय.

पत्र वाचताना ‘जिवापाड जपावं’ याखाली मास्तरांनी लाल रेघ ओढली, कारण जपण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. घरात लॅमिनेशनचं मशीन होतं. चांगलं जुनं, पोलादी, दोन हातांनी उचलावं लागेल असं धूड. मागं कधीतरी जोडधंदा म्हणून घेतलं, धंदा काही झाला नाही, मग हौस झाली. लग्नाचा दाखला, गॅसचं पुस्तक, दुधाचं वेळापत्रक, बायकोच्या चष्म्याचा नंबर, सगळं प्लॅस्टिकमध्ये. जिन्यातली ‘येथे थुंकू नये’ ही पाटीसुद्धा त्यांचीच, आणि थुंकणाऱ्यानं थुंकलं तरी ती पुसून घेता यायची, असा तिचा दर्जा. बायको म्हणायची, “एक दिवस मी झोपलेली असताना मलाही घालाल त्यात.” ती कपडे दुरुस्तीचं काम करायची, मशीनपासून उरलेल्या टेबलावर तिची कात्री आणि रिळं अंग चोरून बसलेली असायची.

असो. कार्ड आलं, मास्तरांनी त्याची घरच्या रिवाजाप्रमाणं व्यवस्था लावली, आणि रीडरच्या शोधाला लागले.

लागले म्हणजे काय, चपलेत पाय घालतायत तोवर समोरच्या दारातून लिफ्टवाले आले. लिफ्टवाले तीस वर्षं गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करत होते आणि राहत होते मात्र बिनलिफ्टच्या बिल्डिंगीत, तिसऱ्या मजल्यावर. यंत्र म्हटलं की त्यांना मत असायचं. यंत्र नसलं तरी असायचं. हल्ली त्यांची आणखी एक तऱ्हा झाली होती. पंधरा दिवस झाले, गडी काही उचलायचा नाही. पाण्याची बादली बायको उचलणार, गव्हाची पिशवी बायको आणणार, आणि हे मागून मोकळे हात हलवत येणार. मास्तरांच्या बायकोनं जिन्यात विचारलंही, “काय भावजी, हात भाड्यानं दिलेत का?” तर नुसते हसले. लिफ्टवाल्यांनी टोमण्याला उलट टोला दिला नाही, हे खरं तर तेव्हाच कुणाच्या तरी ध्यानात यायला हवं होतं.

“कुठं निघालात?” त्यांनी विचारलं.

“रीडर आणायला.”

“कसला?”

मास्तरांनी पत्र दाखवलं. लिफ्टवाल्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, “म्हणजे हे होईपर्यंत सगळ्या लोकांचे रिपोर्ट अडकले?”

“अकरा फाइली आल्यात सकाळपासून. या उघडेपर्यंत पुढच्या यायच्या नाहीत. कुणाच्या आहेत ते उघडल्याशिवाय कळायचं नाही. वर नुसते नंबर.”

“मग थांबलात कशाला? चला!” असं म्हणून लिफ्टवालेच पुढं झाले.

मोबाइलच्या दुकानदारानं ‘कार्डाचा रीडर’ म्हटल्यावर डोळे न उघडता एक डबी काढून दिली. घरी येऊन बघतात तर तिचं तोंड नखाएवढं. कॅमेऱ्यातलं इवलंसं कार्ड जाईल असं. परत गेले. दुकानदारानं बोट वर करून भिंतीवरची पाटी दाखवली, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. लॅमिनेट केलेली. मास्तरांनीच करून दिली होती, तीन वर्षांपूर्वी, आणि अजून कोपरासुद्धा सुटला नव्हता. आपल्याच कामाच्या पक्केपणापुढं माणूस काय बोलणार? पण लिफ्टवाले बोलले. इतके बोलले की गिऱ्हाईकं थबकली आणि दुकानदारानं बदली माल देऊन सुटका करून घेतली.

दुसरा रीडर दिसायला देखणा. काळा, चपटा, साबणाच्या डिशसारखा. त्याला तोंडच नाही. दुकानदार म्हणाला, कार्ड नुसतं वर ठेवायचं, आपोआप वाचतंय. मास्तरांनी मंगळवारी सबंध सकाळ कार्ड वर ठेवलं. उलटं ठेवलं, सुलटं ठेवलं, आडवं ठेवलं. लिफ्टवाल्यांच्या सांगण्यावरून वर शब्दकोश ठेवून दाबून ठेवलं. रीडर ढिम्म. शेवटी डबीवरच्या मुंगीएवढ्या अक्षरात बायकोला दिसलं की हा चिप आत दडलेल्या, नुसत्या टेकवायच्या कार्डासाठी आहे. तुमच्या कार्डाला चिप घासून आत जाईल असं तोंड पाहिजे.

“मी पहिल्यापासून म्हणत होतो,” लिफ्टवाले म्हणाले. ते पहिल्यापासून काहीच म्हणत नव्हते.

बुधवारी दोघं कॉम्प्युटरच्या बाजारात गेले. तिथं रीडरांची पंगत मांडलेली. एक वायरीचा, एक बिनवायरीचा, एक उभा, एक आडवा, एक किबोर्डातच बसवलेला, आणि एक अंगावर स्वतःचीच बटणं असलेला. त्या ‘तुमच्या पसंतीनं’नं मास्तरांचा जीव खाल्ला. ते एक उचलायचे, ठेवायचे, दाराशी जायचे, परत यायचे. बाजारवाला म्हणाला, “काका, कुठलाही घ्या, सगळे कार्ड वाचतात.” पण जो माणूस सगळे सारखे म्हणतो त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही मास्तरांची घरातली शिकवण.

“बटणांचा घ्या,” लिफ्टवाल्यांनी निकाल दिला. “कार्डाचा गुप्त नंबर यंत्रावरच दाबायचा. कॉम्प्युटरला सुद्धा कळता कामा नये. कॉम्प्युटर काय, आज तुमचा, उद्या कुणाचा.”

हे मास्तरांना पटलं. कॉम्प्युटरलाही न सांगणं म्हणजे त्यांच्याच जातकुळीचं यंत्र. घेतला. घरी आणला. जोडला. दिवा लागला. बायको कात्री हातात धरून उभी राहिली, लिफ्टवाले श्वास धरून. मास्तरांनी कार्ड तोंडाशी नेलं.

जाईना.

“तोंड लहान आहे,” मास्तर म्हणाले.

“कार्ड मोठं आहे,” बायको म्हणाली.

“कडेनं जरा जास्तीचं आहे, ते कापा,” लिफ्टवाले म्हणाले. बायकोनं चारी कडा कात्रीनं अशा छाटल्या की जणू कार्डाला फिटिंग करून दिलं. आता गेलं, पण पावसात फुगलेल्या दाराचा अडसर जातो तसं, कण्हत कुंथत. स्क्रीनवर अक्षरं आली. कार्ड आढळले नाही.

“आढळले नाही काय? आत तर आहे!” मास्तर कॉम्प्युटरवर ओरडले.

काढावं तर निघेना. चिमट्यानं ओढलं. लिफ्टवाल्यांनी तीस वर्षांचा अनुभव काढला. “लिफ्टचे कॉन्टॅक्ट असेच रुसतात. काळपट पडले की खोडरबरनं घासायचे, लख्ख!” म्हणून मग दोघांनी आळीपाळीनं कार्ड खोडरबरनं घासलं. कार्ड आरशासारखं चमकायला लागलं. लिफ्टवाल्यांनी त्यात मिशी बघितली. आत घातलं. कार्ड आढळले नाही.

गुरुवार गेला फोनवर. दवाखान्याच्या कॉम्प्युटर विभागात फोन केला की बाई बोलायची, ‘तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’, आणि मग अर्धा तास तंतुवाद्य. मास्तर फोन कानाला लावून दारापासून खिडकीपर्यंत येरझारा घालत होते, लिफ्टवाले खिडकीपासून दारापर्यंत. मधे दोघांची गाठ पडायची तेव्हा बायको म्हणायची, “एकमेकांना वाट द्या, नाहीतर इथं सिग्नल बसवायला लागेल.” अखेर एक माणूस सापडला. त्यानं विचारलं, दिवा लागतो का? लागतो. मग रीडर चांगला आहे. कार्ड बिघडलं असणार. उद्या ओळखपत्राची मूळ प्रत घेऊन समक्ष या.

“आणि ते अडकलेले रिपोर्ट?” लिफ्टवाल्यांनी मधेच फोनमध्ये तोंड घालून विचारलं.

“आपण कोण?”

“मी… मी शेजारी.” आणि लिफ्टवाले परत खिडकीकडे गेले.

मास्तरांना जरा नवल वाटलं. पण लिफ्टवाल्यांना दुसऱ्याच्या कामात जेवढा रस असतो तेवढा स्वतःच्या जेवणात नसतो, हे सगळ्यांना माहीत. त्यांनी मनावर घेतलं नाही.

शुक्रवारी दोघं दवाखान्यात गेले. लांब कॉरिडॉर, फिनेलचा वास, भिंतीला टेकलेली माणसं आणि प्रत्येकाच्या मांडीवर एक फाइल. कॉम्प्युटर विभागाच्या खिडकीमागं एक मॅडम होत्या. बोलायला तुटक, पण डोळे हसरे.

“ओळखपत्र?”

मास्तरांनी रुबाबात पिशवी उघडून ओळखपत्र पुढं केलं. मॅडमनी बोटांनी वाजवून बघितलं. “लॅमिनेट केलेलं चालत नाही. मूळ पाहिजे.”

“मूळच आहे. आत आहे.”

“प्लॅस्टिकवरून शिक्का तपासता येत नाही. नियम आहे.”

इथं मास्तरांचं डोकं सटकलं. पाच दिवसांची तगमग, दुसरी सोय, तंतुवाद्य, सगळं एकदम वर आलं. “मॅडम, तुमच्या नियमांनी कागद कुजतात! माझ्या घरात बावीस वर्षांचा एक कागद पिवळा पडला असेल तर दाखवा! जपायचं म्हणजे कसं जपायचं ते माझ्याकडून शिका. तुम्ही स्वतः पत्रात लिहिलंत, जिवापाड जपा. जपलं का नाही? हे बघा!”

आणि त्यांनी किल्लीचं कार्ड खाडकन खिडकीत ठेवलं.

मॅडमनी कार्ड उचललं. उजेडात तिरकं धरलं. नखानं सोनेरी चिपेवर टकटक केलं. नख चिपेला लागत नव्हतं, प्लॅस्टिकला लागत होतं.

“हे कुणी केलं?”

“मी,” मास्तर म्हणाले. पण त्या ‘मी’चा शेवट होईपर्यंतच त्यांच्या कानशिलाला घाम फुटला होता.

“काका,” मॅडम अगदी हळू म्हणाल्या, कारण मागं रांग होती, “किल्लीला कुणी गिलावा करतं का?”

रांगेत कुणीतरी खोकलं. ते खोकणं नव्हतं. मास्तरांना वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं, निदान या खिडकीपुरती तरी. तीन रीडर बदलले, दुकानदाराला शिव्या घातल्या, बाजार पालथा घातला, आणि चोर म्हणायचा तर आपल्याच घरातला, आपणच तापवलेला, आपणच दाबलेला. वर खोडरबरनं घासून चकचकीत केलेला!

“सोलून द्या ना मॅडम,” ते कसेबसे म्हणाले.

“आमच्या हातून चिप उखडली तर जबाबदारी कुणाची? तुमचं तुम्ही सोला. निघालं तर आज पाचपर्यंत उघडा. बिघडलं तर नवं कार्ड तीन आठवड्यांनी. तोवर फाइली दुसऱ्यांकडे जातील, डॉक्टरांना सगळं परत बोलावं लागेल, कारण ही कुलपं मग कुणालाच उघडायची नाहीत. रिपोर्टांना महिना धरा.”

“महिना?” हा आवाज लिफ्टवाल्यांचा. मास्तरांनी वळून बघितलं तर गडी भिंतीला टेकलेला, चेहरा पांढरा. आणि कॉरिडॉरमधल्या त्या सगळ्या माणसांमध्ये तो असा मिसळून गेला होता की मास्तरांना एकेक आठवायला लागलं. पंधरा दिवस न उचललेली बादली. फोनमधलं ते ‘मी… मी शेजारी’.

त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, “चला. रिक्षा करू.”

घरी तीन वाजता पोचले. बायकोनं सगळं ऐकलं आणि हसली नाही. हे तिचे उपकार मास्तर जन्मभर विसरायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी हसली ते सोडा. ती म्हणाली, “माझी एक अट. ते मशीन आजच्या आज घराबाहेर.”

“कबूल.”

“मग बसा तिकडं. आणि भावजी, तुम्ही उजेडातून सरका.”

तिनं शिलाई उसवायचं बारीक टोकाचं हत्यार घेतलं. दुसऱ्याच्या महागाच्या कपड्याची शिवण कापडाला ओरखडा न पाडता उसवणारे हात ते. कोपऱ्यातून टोक घातलं. प्लॅस्टिक सुटायला लागलं, केसाएवढं, मग बोटभर. चिपेजवळ आल्यावर तिनं हत्यार ठेवलं, तोंडानं गरम वाफ दिली, नखानं कड उचलली. चर्रर्र असा आवाज आला. मास्तरांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा प्लॅस्टिक एका हातात, कार्ड दुसऱ्या हातात, आणि चिप जागच्या जागी.

कार्ड रीडरमध्ये असं गेलं, जसं काही माहेरी गेलं. कार्ड आढळले. नंबर टाका.

नंबर एका बंद पाकिटात होता. पाकीटही, काय सांगायचं, न उघडताच लॅमिनेट केलेलं. बायकोनं तेही उसवलं. सहा आकडी नंबर. तीनदा चुकला तर कार्ड कायमचं गप्प बसणार, असं खाली लिहिलेलं. मास्तरांची बोटं, गारांसारखी पडणारी ती बोटं, आता एकेक बटण शोधत होती. चौथा आकडा दाबतायत तोवर लिफ्टवाले म्हणाले, “सावकाश हां.” चुकला.

“लिफ्टवाले, तोंड भिंतीकडे!”

लिफ्टवाले शाळकरी पोरासारखे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मास्तरांनी एकेक आकडा दाबला. हिरवा दिवा. फाइली उघडल्या, एकीमागून एक, जत्रेतल्या पाळण्याची दारं उघडावीत तशा.

सव्वातीनपासून मास्तरांनी जे टाइप केलं तसं आयुष्यात केलं नव्हतं. पहिली फाइल गेली. दुसरी गेली. लिफ्टवाले समोरच्या स्टुलावर. जा म्हटलं तर गेले नसते, म्हणून कुणी म्हटलं नाही.

तिसरी फाइल. हेडफोनमधून डॉक्टरांचा आवाज, पेशंटचं नाव, वय, व्यवसाय. मास्तरांची बोटं थांबली. एकच क्षण. पण समोरच्यानं तो क्षण पकडला.

“काय झालं?”

“काही नाही. बोट अडखळलं.”

मग मास्तरांनी तोंडाला लॅमिनेशन केलं. भुवई नाही, ओठ नाही, काही हलू दिलं नाही. डॉक्टर बोलत होते, मास्तर टाइप करत होते, आणि लिफ्टवाले त्या चेहऱ्यावर काहीतरी वाचता येतंय का बघत होते. तो बटणवाला रीडरही एवढा घट्ट नसेल. शेवटी डॉक्टरांनी घसा साफ केला, निष्कर्ष सांगितला, सल्ला सांगितला. मास्तरांनी तो टाइप केला, पुन्हा एकदा ऐकला, एकही शब्द चुकला नाही ना बघितलं, आणि पाठवून दिला.

पाचला दहा कमी असताना अकरावी फाइल गेली. मास्तरांनी हेडफोन काढला.

लिफ्टवाल्यांनी ओठ ओले केले. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला काही विचारायचं होतं आणि त्यानं विचारलं नाही. बावीस वर्षांचा मास्तरांचा नियम त्यालाही ठाऊक होता.

“रिपोर्ट उद्या दवाखान्यात मिळतील,” मास्तर म्हणाले. “ज्याचे त्याला.”

“हो. मी कुठं काय म्हणालो?”

आतून बायको आली. “अहो, अट विसरलात? ते धूड हलवा. खालच्या झेरॉक्सवाल्याला मी विचारलंय, तो ठेवून घेतोय.”

मास्तर उठले. मशीनजवळची रिळं बाजूला केली. वायर गुंडाळली. मग वळून म्हणाले, “लिफ्टवाले, उचला.”

“अहो, त्यांना कशाला?” बायको म्हणाली. “गेले पंधरा दिवस ते साधी बादली—”

“त्यांनाच. एकट्यानं. तीन मजले, आणि मधे टेकवायचं नाही.”

लिफ्टवाल्यांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर छताकडे बघत होते, जसं काही तिथं लॅमिनेट करण्यासारखं काही राहिलंय. लिफ्टवाल्यांनी मशीनकडे बघितलं. पंधरा दिवस जपलेल्या छातीवर हात ठेवला, काढला. मग वाकले, दोन्ही हात खाली घातले, आणि ते पोलादी धूड असं उचललं की कडेवर लेकरू घ्यावं.

दारातून बाहेर पडताना त्यांचे डोळे भरले होते, पण ओझं जड होतं, कुणाच्याही भरतील.

मास्तरांची बायको दाराकडे बघत राहिली, मग नवऱ्याकडे. ती शिवणकाम करणारी बाई, टाका कुठून कुठं गेला ते तिला सांगावं लागत नाही. ती आत चहा टाकायला गेली.

दुसऱ्या मजल्यावरून आवाज आला. खणखणीत, पंधरा दिवसांत असा आला नव्हता. “मास्तर! तरी मी सांगतो, रीडर तुमचा चुकलाच! उभा घ्यायला हवा होता! मी पहिल्यापासून म्हणत होतो!”

“पायऱ्या बघा आधी!” मास्तर वरून ओरडले. आणि सोमवारपासून पहिल्यांदा, खुर्ची ओढून, निवांत बूड टेकून बसले.